खेळ : केवळ निमंत्रितांसाठी

'प्लेडेट' या शब्दाला मराठीत प्रतिशब्द नाही, याची खंत करण्याचे कारण नाही. ज्या भाषेत 'खेळायला येतोस का?' हा प्रश्न जिन्यातून ओरडून विचारता येत होता, तिला आईबापांनी आपसात वेळ ठरवून घडवून आणलेल्या खेळासाठी वेगळे नाव कधी लागलेच नव्हते. काही उच्चभ्रू घरांत हा शब्द आधीपासून होता. करोनाच्या निर्बंधांच्या काळात तो मध्यमवर्गीय सोसायट्यांत स्थिरावला. तो नुसता शब्द म्हणून आला असता तर टेबल आणि पेनाप्रमाणे पचला असता. पण त्याच्यासोबत मुलांची एक निवडपद्धती आली आणि तिला आपण 'काळजी' असे नाव दिले. आमचा आक्षेप त्या नावाला आहे.

आधी घटनाक्रम पाहू. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या, पाठोपाठ देशभर टाळेबंदी आली आणि उद्याने-मैदानांना कुलपे लागली. १७ मे २०२० च्या केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आदेशाने पासष्टीपुढचे वृद्ध, सहव्याधी असलेले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या पंगतीत दहा वर्षांखालील मुलांना बसवले व सर्वांना घरीच राहण्यास सांगितले. पुढे राज्यात ५ ऑक्टोबर २०२० पासून उपाहारगृहे आणि बार उघडले. नोव्हेंबरात चित्रपटगृहे उघडली. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या मुहूर्तावर, देवळांची दारे उघडली. शहरांतील पहिली ते चौथीच्या वर्गांना मात्र डिसेंबर २०२१ पर्यंत थांबावे लागले आणि जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा बंद झाले. समाजाला काय आधी हवे होते आणि काय थांबू शकत होते, याची ही यादी आहे. आदेश काढणाऱ्यांनी ती लिहिली. वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हरकत घेतली.

मैदान बंद, शाळा बंद, म्हणून खेळ घरात आला. दोन किंवा तीन कुटुंबांनी ठरवायचे की आपली मुले एकमेकांकडेच खेळतील. एवढ्यापर्यंत आम्हांला त्यात दोष दिसत नाही. किंबहुना मुलांना माणसात ठेवण्याची ती धडपड होती. प्रश्न आहे तो ही कुटुंबे निवडली कशी गेली याचा. 'त्यांच्याकडे सगळे व्यवस्थित आहेत' हे त्या काळात वारंवार ऐकू येणारे वाक्य. साहित्याच्या विद्यार्थ्याने या 'व्यवस्थित'पाशी थांबावे. व्यवस्थित म्हणजे आईवडील घरून काम करणारे, स्वतःच्या वाहनाने फिरणारे, घरात पाहुण्या मुलासाठी वेगळी खोली असलेले. प्रत्येक निकष वैद्यकीय वाटतो आणि प्रत्येक निकष ऐपतीचाही आहे. परिचारिकेचे, पोलिसाचे, एसटी वाहकाचे, भाजीवालीचे मूल पहिल्या फेरीतच बाद झाले. ज्यांच्या बाहेर जाण्यावर बाकीच्यांचे घरी बसणे अवलंबून होते, त्यांच्याच मुलांना घरात बसायला सोबती उरला नाही. आणि वॉचमनचे मूल? ते तर त्याच आवारात राहत होते, त्याच फाटकाच्या आत. त्याला बोलावले न जाण्याचे कारण विषाणूत शोधणे हा शुद्ध दांभिकपणा आहे. टाळेबंदीपूर्वी निदान आवारातल्या क्रिकेटमध्ये चेंडू आणून द्यायला तरी त्याला जागा होती.

मराठी खेळांच्या परिभाषेकडे पाहिले म्हणजे काय हरवले ते नेमके कळते. लपाछपीत किंवा डबा ऐसपैसमध्ये 'राज्य' येते ते शिक्षा म्हणून, आणि ते कोणावरही येऊ शकते. धाकट्या भावंडाला 'कच्चे लिंबू' म्हणून खेळात घेतात. त्याला बाद करायचे नाही, पण घालवूनही द्यायचे नाही. दुबळ्याला सामावून घेणारा हा नियम कोणत्याही मोठ्या माणसाने केलेला नाही. 'कट्टी' आणि 'बट्टी' ही मुलांची स्वतःची न्यायव्यवस्था, तिला पंच लागत नाही. घरात मांडलेली भातुकलीसुद्धा याच स्वायत्ततेत चालते. तेथे घर मुलांचे असते आणि मोठी माणसे फार तर पाहुणी. प्लेडेटमध्ये नाते उलटते. मूल पाहुणे होते, खेळणी यजमानाची असतात, शेजारच्या खोलीत कोणाची तरी आई कान देऊन बसलेली असते आणि कट्टी होण्याआधीच खाऊची बशी येते. समवयस्क आणि समान ऐपतीच्या दोन मुलांत कच्चे लिंबू कोण होणार?

यावर आक्षेप येईल की माणसे मरत असताना खेळाच्या स्वायत्ततेची चर्चा ही चैन होती. मृत्यू खरे होते, निर्बंधही आवश्यक होते. ते आम्ही नाकारत नाही. पण आक्षेपकांनी तर्क पुरता न्यावा. विषाणू हवेतून पसरतो, बंद खोलीत धोका वाढतो आणि मोकळ्यावर तो पुष्कळ कमी होतो. मग मैदानाला कुलूप आणि दिवाणखान्यात खेळ, ही व्यवस्था कोणत्या शास्त्राला धरून होती? अन्यत्र निदान प्रश्न तरी विचारला गेला. सप्टेंबर २०२० मध्ये ब्रिटनमध्ये सहाहून अधिकांनी जमू नये असा नियम झाला तेव्हा स्कॉटलंडने बारा वर्षांखालील व वेल्सने अकरा वर्षांखालील मुले या मोजणीतून वगळली. इंग्लंडने तान्ही बाळेही मोजली. मूल मोजावे की नाही, यावर तेथे राज्यकर्त्यांना भूमिका घ्यावी लागली. आपल्याकडे हा प्रश्न सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सोडून दिला गेला. बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी अंगणवाडीची कल्पना रुजवली, मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे म्हणून. ज्या महाराष्ट्रात हे घडले, त्याला साथीच्या दिवसांत अंगण आठवू नये, हे विस्मरण साधे नाही.

दुसरा दोष आम्हां शिकवणाऱ्या-लिहिणाऱ्यांच्या वर्गाचा. त्या दोन वर्षांच्या मुलांविषयी आज बोलायचे झाले की आपण 'शैक्षणिक नुकसान' मोजतो : वाचन किती मागे पडले, गणित किती कच्चे राहिले. खेळाच्या नुकसानीला रकानाच नाही. बालहक्कांच्या १९८९ च्या संहितेचे एकतिसावे कलम खेळ हा मुलाचा हक्क मानते, आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. हक्क सर्वांचा असतो. आमंत्रण निवडकांना जाते. हा फरक शब्दांचा आहे, म्हणून तो दाखवून देणे हे साहित्याचे काम आहे. आमच्या वाचनात आलेल्या टाळेबंदीवरील मराठी लेखनात मूल बहुधा मोबाईलसमोर बसलेले, गोंडस किंवा कंटाळलेले दिसते. जिन्यात उभे राहून वरच्या मजल्यावरचा खेळ ऐकणारे मूल त्यात जवळजवळ नाही.

साथ ओसरली, पण निवडीची सवय ओसरलेली नाही. वाढदिवसांच्या आणि सुटीच्या याद्या अजूनही तशाच बनतात. पुन्हा अशी वेळ आली तर मैदान सर्वांत शेवटी बंद व्हावे आणि सर्वांत आधी उघडावे, ही मागणी शिक्षकांनी आणि लेखकांनी आताच नोंदवून ठेवली पाहिजे. तोवर प्रत्येक सोसायटीने निदान आपल्या आवारात किती मुले राहतात ते एकदा मोजावे, आणि त्या मोजणीत वॉचमनची खोली वगळू नये.