दुबार नावे

यादी करणे सोपे. तीन याद्यांची एक यादी करणे मात्र महाकर्मकठीण! माजी विद्यार्थ्यांचा मेळावाच घ्या. एक यादी जुन्या रजिस्टरावरून उतरवलेली, दुसरी वर्गणीदारांची, तिसरी कुणाच्या तरी मोबाइलमधली. तिन्ही एक्सेलच्या एकाच पानावर शेजारीशेजारी मांडल्या, की तेच गृहस्थ तीन रकान्यांत तीनदा नमस्कार करतात. एका घरी तीन पत्रिका गेल्या तर मंडळी हसून सोडून देतात. पण ज्या घरी एकही गेली नाही, ते घर वर्षानुवर्षे विसरत नाही.

दुबार नोंदी काढण्याची तयार आज्ञा एक्सेलमध्ये २००७ च्या आवृत्तीपासून आहे. पण ती बिचारी ओळीशी ओळ ताडून पाहते. पहिल्या रकान्यातला माणूस तिसऱ्या रकान्यातही जाऊन बसला आहे, हे तिच्या गावीही नसते. तिथे मॅक्रो लागतो. मॅक्रो म्हणजे संगणकाच्या हाती दिलेली कामाची चिठ्ठी. दारावर उभ्या असलेल्या स्वयंसेवकासारखी त्याची रीत. हातात एक कोरी वही. तिला ‘डिक्शनरी’ असेच नाव आहे, आणि आमच्यासारख्या भाषेच्या मास्तराला ते ऐकून बरे वाटते! प्रत्येक घरातले नाव घ्यायचे, त्याच्या मागचीपुढची मोकळी जागा छाटायची, वहीत पाहायचे. नसेल तर टिपून ठेवायचे. असेल तर ते घर पुसायचे.

पुसायचे, उपटायचे नव्हे. पुष्कळांचा घात होतो तो इथेच. घर काढून खालची नावे वर सरकवली, की नावे हलतात आणि शेजारचे टेलिफोन क्रमांक जागच्या जागी राहतात. मग जोशांना केलेला फोन पाटलांकडे वाजतो! शिवाय मॅक्रोने केलेले काम ‘अनडू’ने परत फिरत नाही. म्हणून फायलीची नक्कल आधी, मॅक्रो मागून.

मराठी नावांची तऱ्हा तर आणखी निराळी. ‘पंडित’ आणि ‘पण्डित’ या मॅक्रोच्या लेखी दोन असामी. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेतांकाने लिहिता येते, तसेच ‘र’ला नुक्ता जोडूनही. आपल्या डोळ्यांना दोन्ही कऱ्हाडकर सारखेच. मॅक्रो त्यांना ओळख दाखवू देत नाही.

पण ही झाली अक्षरांची अडचण. माणसांची त्याहून नाजूक. रजिस्टरात मुलगी माहेरच्या नावाने असते, वर्गणीच्या यादीत सासरच्या. मॅक्रोला त्या दोन बायका वाटतात. उलट, वडिलांच्या नावासकट तंतोतंत एकच नाव असलेले दोन कुलकर्णी निरनिराळ्या साली शिकून गेलेले असतात. मॅक्रो दुसऱ्याला बिनदिक्कत पुसतो. त्याने महिनाअखेरीच्या ओढाताणीतून वर्गणी पाठवलेली असते, आणि आपल्याला बोलावणे का आले नाही, हे त्या भिडस्त माणसाने कधी विचारलेलेही नसते.

तेव्हा माझे मत विचाराल तर मॅक्रोला पुसू देऊच नये. दुबार वाटणारी घरे नुसती पिवळी रंगवायला सांगावे. नावाबरोबर उत्तीर्ण झाल्याचे सालही ताडायला द्यावे. एवढे करून जी नावे पिवळी उरतील, ती छापून कॉलेजच्या जुन्या शिपाईमामांपुढे ठेवावीत. चष्मा कपाळावर चढवून ते सांगतात, “हे दोघं वेगळे हो! एक बुटका होता, आणि दुसऱ्याची सायकल नेहमी माझ्याच ताब्यात असायची.”