व्हॉल्व काढला, फॅन डायरेक्ट केला

एप्रिल लागला की शिक्रापूरच्या चौकात, नाहीतर सोलापूर रस्त्याला चौफुल्यावर, बॉनेट वर करून उभी असलेली एखादी जुनी मारुती हमखास दिसते. येणारा-जाणारा म्हणतो, ‘ऊनच तसलं आहे हो.’ उन्हावर खापर फोडणं सोयीचं, कारण ऊन काही उलटून बोलत नाही. पण चालत्या इंजिनातलं पाणी एरवीही ऐंशी-नव्वद अंशांवर असतं. बाहेर तीसऐवजी चाळीस झाले म्हणून धडधाकट गाडी उकळत नाही. ऊन फक्त आधीचं दुखणं चव्हाट्यावर आणतं, आणि ते दुखणं बहुतेक वेळा आपणच पैसे वाचवून पोसलेलं असतं.

मारुती ८०० आली १९८३ मध्ये, बंद झाली २०१४ मध्ये. पंधरा वर्षं भरल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलेल्या अशा गाड्या शिरूर-दौंडच्या गावांत अजून पळताहेत. पळू द्यात, माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्यांच्या रेडिएटरमध्ये ओतल्या जाणाऱ्या बोअरच्या पाण्याला. आपल्याकडे पुष्कळ बोअरचं पाणी जड; गिझरच्या कॉइलवर त्याचा पांढरा थर सगळ्यांनी पाहिलाय. तोच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंट महाग म्हणून एकदा नुसतं पाणी, मग दर महिन्याला थोडं थोडं पाणी, आणि पाणी जातंय कुठे हे कुणीच पाहत नाही. कूलंट फक्त थंडीत गोठू नये म्हणून असतं, हा गैरसमज फार पक्का आहे. ते उशिरा उकळतं आणि आत गंज धरू देत नाही, हे आपल्या कामाचं.

एक दिवस गाडी तापते. मग गॅरेजवाल्याचे दोन ठरलेले उपाय: थर्मोस्टॅट व्हॉल्व काढून टाकायचा आणि फॅन डायरेक्ट करायचा, म्हणजे चावी फिरवली की फॅन सुरू. गॅरेजवाल्यालाच बोल लावण्यात अर्थ नाही. ‘सध्या चालेल असं करा’ म्हणणारा गिऱ्हाईक समोर उभा असतो. व्हॉल्व काढल्यावर गाडी काही दिवस तापत नाही, हेही खरं. पण हिवाळ्यात पहाटे इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि चोंदलेला रेडिएटर आत तसाच राहतो. खरं तर हा व्हॉल्व तपासायला पातेलंभर पाणी आणि गॅस पुरतो. पाणी तापत जाताना तो उघडताना डोळ्यांनी दिसतो. नाही उघडला तर नवा बसवायचा.

गाडी कुठे तापते, यावरून अर्धं निदान होतं. नगर रस्त्याला कोरेगाव भीमा ते शिक्रापूर कोंडीत तापते आणि पुढे रांजणगावकडे मोकळा रस्ता मिळाला की काटा खाली येतो? मग आधी फॅन पाहा, त्याचा स्विच पाहा. उभ्या गाडीला वारा फक्त फॅनचा. उलट, यवत सोडल्यावर मोकळ्या हायवेला वेगात काटा चढत असेल, तर रेडिएटर चोंदलाय किंवा वॉटर पंप दमलाय. गळीत हंगामात चौफुला-न्हावरे रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे दुसऱ्या गिअरमध्ये सरकायचं म्हणजे दोन्हींची परीक्षा एकदम.

काटा वर जायला लागला की एसी बंद, हीटर पूर्ण चालू, काचा खाली. मे महिन्यात हीटर लावायला सांगणाऱ्याला लोक वेड्यात काढतात, पण हीटरची जाळी म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. काटा तरी उतरेना किंवा वाफ दिसली, तर कडेला घेऊन इंजिन बंद. ‘आलंच आता पाटस’ म्हणून चालवत नेलेल्या गाडीचं हेड वाकतं, गॅस्केट उडतं, आणि मग थोडक्या पैशांत भागत नाही.

रेडिएटरच्या झाकणाला अर्धा तास तरी हात लावायचा नाही. ते कुकरसारखा दाब धरून असतं, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांपुढे जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की एकदम उसळतं, तोंडावर. गरम इंजिनात गार पाणी ओतणंही तितकंच वाईट, हेडला तडा जातो. वरचा होज पाइप हाताला सोसेल इतका निवला, की फडकं धरून सावकाश उघडा. मग ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल दुधाळ दिसलं तर दर महिन्याला ओतलेलं पाणी कुठे जात होतं ते कळलं. गाडी सुरू करू नका, टोचन करून न्या.

जुनी गाडी विकत घ्यायला निघाला असाल, तर मालकाला आधीच फोन करून सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिनाचं झाकण उघडून आत बोट फिरवा. बोटाला तांबूस चिखल लागला, किंवा चावी फिरवताक्षणी फॅन घोंघावला, तर हेडचं काम धरूनच किंमत बोला.