वाडा घेताय? आधी लंडनचे घर ऐका



गेल्या आठवड्यात पूर्णेहून एक दादा आणि वहिनी घरी आले. दादा रेल्वेतून निवृत्त झाले, फंडाचे पैसे हाती आले. परभणीच्या जुन्या वस्तीत एक वाडा विकायला निघाला आहे. दगडी जोते आणि सागवानी दरवाजा जुनाच ठेवला आहे, आत मात्र सगळे नवे. चकचकीत फरशी, पीओपीचे छत, ओट्यावर ग्रॅनाइट. दादांच्या मनात असे की वर आपण राहू आणि खालच्या दोन खोल्यांत वस्तीतल्या पोरांसाठी अभ्यासिका काढू. दलाल इसारापोटी दोन लाख मागतो आहे, तेही आठ दिवसांत. "ताई, कागद तेवढे बघा," दादा म्हणाले.

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझी सासू असल्याच वाड्यात सरपणाच्या मोळ्या टाकायची. मागच्या बोळातून. समोरचं दार तिच्या नशिबी नव्हतं. म्हणून ह्यांना ते दार पाहिजे."

आता अशा घराला 'घेऊ नका' असे कोण म्हणेल? मीही म्हटले नाही. त्यांना एका दुसऱ्या घराची हकिगत सांगितली. तेही जुने, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून उभे असलेले, आतून नवे केलेले, आणि तेही विकायला निघाले होते.

ते घर लंडनचे. कॅम्डेन भागातल्या किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर. बाबासाहेब १९२१-२२ साली तिथे राहत होते, अर्थात भाडेकरू म्हणून. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसा साठवला, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसायचे, रात्री भूक लागली तर भाजलेल्या पापडांवर भागवायचे. इकडे रमाई परळच्या चाळीत संसार ओढत होत्या. त्या काटकसरीतून १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळाली.

पुढे त्या घराचे मालक बदलत गेले. २०१४ साली ते विक्रीला आले, तेव्हा आपल्या ब्रिटनमधल्या आंबेडकरी बांधवांनी धावपळ केली, महाराष्ट्र सरकारच्या मागे लागले. २०१५ साली सरकारने ते विकत घेतले. किंमत तीस लाख पौंडांहून जास्त, म्हणजे रुपयांत तीस कोटींच्या वर. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. आपण सगळ्यांनी फोटो पाहिले, आनंद मानला, आणि वाटले की झाले काम.

काम झाले नव्हते. तिथल्या कायद्याने ते राहते घर होते. राहत्या घराचे संग्रहालय करायचे तर स्थानिक कौन्सिलची परवानगी लागते, आणि २०१८ साली कॅम्डेन कौन्सिलने ती नाकारली. त्यांचे म्हणणे, लंडनमध्ये आधीच घरांची टंचाई, त्यात एक राहते घर कमी होते. शेजाऱ्यांपैकी काहींनी गर्दीची आणि आवाजाची तक्रार केली. त्या वेळी आपल्यातले पुष्कळ लोक चिडले होते. पण घरांच्या टंचाईचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, हेही खरे. सरकारने अपील केले, २०१९ साली सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी परवानगी दिली. घर २०१५ साली हाती आले आणि स्मारक म्हणून कायद्याने ते मान्य झाले २०२० साली. सरकारजवळ वकील होते, पैसा होता, म्हणून इतकी वर्षे लढता आले. दादांचा फंड एकदाच मिळतो.

म्हणून पहिली गोष्ट अभ्यासिकेची. परभणीत २०११ पासून महानगरपालिका आहे. राहत्या घराचा वापर बदलायचा तर आधी तिथे चौकशी करावी, आणि वाडा नवा करताना बांधकामाची परवानगी घेतली होती का, तेही तिथेच विचारावे. 'सगळं होऊन जातं' हे दलालाचे बोलणे कागदावर येत नसते.

दुसरी गोष्ट भिंतींची. जुन्या वाड्याच्या भिंती दगड आणि मातीच्या, वर लाकडी तुळया आणि मातीचे जड माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झाले, ते मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. अशाच भिंती आणि अशीच माळवदे झोपलेल्या माणसांच्या अंगावर कोसळली. आता माळवद काढून त्याच मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकला असेल, तर खाली कॉलम उभे केले आहेत का? इंजिनियरला दाखवल्याशिवाय हे कळायचे नाही. त्याची फी देताना हात आखडू नका. पीओपीचा एक तुकडा काढायला लावा, वर जुनी तुळई असेल तर स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा, वाळवी लागली असेल तर तो सहज आत जातो. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल अडकून बसते आणि जोत्यापासून हातभर उंचीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटतात. रंग अगदी ताजा असेल तर घर भर पावसाळ्यात पुन्हा जाऊन बघावे.

कागदांचे थोडक्यात सांगते. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेची नक्कल काढा. त्यावर आजोबांचेच नाव असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्यासुद्धा. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध वकिलाकडून घ्या. जागा इनामी तर नाही ना, मागच्या खोलीत जुना भाडेकरू तर नाही ना, हे शेजाऱ्यांना विचारा. निजामाच्या काळातले कागद उर्दूत असतात, ते जाणकाराकडून वाचून घ्या. नोटरीच्या बाँडवर घर आपले होत नाही, खरेदीखत नोंदणीकृतच पाहिजे. इसार द्यायचाच तर चेकने द्यावा, आणि हक्क निर्वेध न निघाल्यास रक्कम परत, असे इसारपावतीत लिहून घ्यावे.

दादा थोडे हिरमुसले. "ताई, तंवर वाडा दुसऱ्यानं घेतला तर?" म्हणाले. घेऊ शकतो, हे मी नाकारले नाही.

दादा सोमवारी नगर भूमापन कार्यालयात जाणार आहेत. नक्कल हाती आल्याशिवाय इसार नाही, हे दलालाला वहिनींनीच माझ्यासमोर फोनवर सांगून टाकले.