उपग्रहाला जंगल दिसतं, पण कळतं का?

खानापूरकडचा पावसाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. चार महिने आभाळ नीट मोकळं होतच नाही. आपलं जंगल सगळ्यात हिरवं असतं ते याच दिवसांत, आणि नेमके तेव्हाच फोटो काढणाऱ्या उपग्रहांना खाली ढग दिसतात.

मायक्रोवेव्ह रडारचं तसं नाही. ते स्वतःच लहरी सोडतं आणि परतून आलेल्या लहरी मोजतं. त्यामुळे ढग असोत की रात्र, काम चालूच. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला इस्रो-नासाचा ‘निसार’ उपग्रह असाच आहे. त्याच्या एल-बँड रडारची लहर २४ सेंटिमीटरची. ती पानांतून आत शिरून फांद्या-खोडांपर्यंत पोचते. दर १२ दिवसांनी तीच जागा पुन्हा पाहायची, आणि माहिती सगळ्यांना मोफत.

हे मला खरंच भारी वाटतं. पण रडारला कळतं ते लाकूड किती, ओल किती, एवढंच. झाड कोणतं, हे ते सहज सांगू शकत नाही. शिवाय हेक्टरी साधारण १०० टनांच्या पुढे एल-बँडचा अंदाज डळमळू लागतो, म्हणजे घनदाट रानातच ते चाचरतं. त्यात आपल्या सरकारी वन अहवालाची व्याख्या अशी की, एक हेक्टरपेक्षा मोठ्या जागेवर १० टक्क्यांहून जास्त झाडांची सावली असली की झालं ‘वनाच्छादन’. मग जांभूळ-हिरडा जाऊन तिथे अकेशिया आला, तरी कागदावर हिरवंच!

म्हणूनच उपग्रहाचे आकडे जमिनीवर येऊन पडताळावे लागतात. खोडाचा घेर मोजायचा, झाड ओळखायचं. इथे गावची माणसं लागतात. माझी आजी नुसत्या सालीवरून झाड सांगते. मला मात्र दहाच्या वर नावं येत नाहीत, आणि मी म्हणे भाषेची विद्यार्थिनी!

तेव्हा ‘हे सायन्सवाल्यांचं काम’ म्हणून आपण मराठीवाल्यांनी हात झटकू नयेत. सुट्टीत गावी जाल तेव्हा वही घेऊन घरच्या मोठ्यांबरोबर रानात जा. झाडांची नावं जागेसकट लिहून आणा. मंडळाने ती एकत्र करून बॉटनीच्या सरांना दाखवावीत. उद्या कोणी नकाशा पुढे करून ‘इथलं जंगल शाबूत आहे’ म्हणालं, तर ‘कुठलं जंगल?’ असं विचारता आलं पाहिजे.