फडातल्या भावांनो, आज रात्री फोन उचला (डिसेंबर २०२५ मधलं आवाहन)

परंडेकरांनो, आणि तालुक्यातून ऊसतोडीला गेलेल्या भावांनो, मुकादमांनो,

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपते आहे. आधी ती १८ नोव्हेंबरला संपणार होती. पुरामुळं आणि विधवा, घटस्फोटित बहिणींच्या अडचणीमुळं ती वाढली. आता मोजके दिवस उरलेत आणि कितीतरी आयांचं काम अजून अडलेलं आहे.

परवा एका वस्तीवर गेलो होतो. तिथं एक बाई भेटली, कडेवर आठ महिन्यांचं लेकरू, हातात काच तडकलेला मोबाइल. स्वतःच्या आधारचा ओटीपी आला, तो तिनं घातला. पुढं नवऱ्याचा आधार क्रमांक टाकला आणि ओटीपी गेला नवऱ्याच्या फोनवर. नवरा उसाच्या फडात, फोन कोपीवर. तिनं सहा वेळा लावला. "रातच्याला उचलत्यात, पर तवर आकडा मरतो," ती म्हणाली. रात्री नऊ वाजता पुन्हा बसलो, तेव्हा कुठं जमलं.

घरी बसून पैसे मिळतात, असं काहीजण बोलतात. ते ऐकून वाईट वाटतं. तान्हं लेकरू, अंथरुणावरची सासू, दोन शेरडं एवढं सोडून ती खुरपायला जाणार कशी? अंगणवाडीत तीन वर्षांच्या पुढचं लेकरू चार तास बसतं, तान्ह्याला तिथं जागा नाही. आणि यंदा रोजगार तरी कुठं आहे? सप्टेंबरात सीनेला पूर आला, आपल्या तालुक्यातली माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली, सोयाबीन रानातच कुजलं. किराणा दुकानदार उधारी देतो तो लाडकी बहीणच्या महिन्याच्या १५०० रुपयांच्या भरवशावर.

म्हणून मुकादमांना हात जोडून विनंती आहे. संध्याकाळी टोळी कोपीवर आली की कुणाच्या घरचं काम राहिलंय ते विचारा, आणि ज्याचं राहिलं असेल त्याला घरी फोन लावायला सांगा. दोघंही फोनवर असताना ओटीपी मागवला, तर पाच मिनिटांचं काम आहे.

गावातल्या पोरापोरींनो, तुमच्याकडं चांगला फोन आहे. शेजारच्या चार घरी जाऊन बसा. सरकारी संकेतस्थळच उघडा, बनावटही फिरताहेत. या कामाला फी नाही, कुणाकडून रुपया घेऊ नका. ई-केवायसीतली एक ओळ मात्र सावकाश, मोठ्यानं वाचून दाखवा: कुटुंबात कुणी सरकारी नोकरीत 'नाही' ना, असं ती उलटं विचारते. घाईत चुकीचं उत्तर दाबलं की सरकारी नोकर घरात असल्याची नोंद होते.

नवरा आणि वडील दोघंही वारलेल्या बहिणीनं स्वतःची ई-केवायसी करून मृत्यू दाखल्याची सत्यप्रत महिला व बालविकास विभागाकडं द्यायची आहे. पुरात कागद भिजले असतील तर ग्रामपंचायतीतून दाखला पुन्हा काढा. तिला तिथवर दुचाकीवर नेणारा कुणीतरी हवा.

सगळ्यात अवघड आहे ते टाकून दिलेल्या बाईचं. नवरा जिवंत, म्हणून मृत्यू दाखला नाही. कोर्टात गेली नाही, म्हणून घटस्फोटाचा कागद नाही. ओटीपी तो देत नाही. सासरच्या मंडळींनो, भांडण तुमचं काहीही असो, लेकरं तुमच्याच रक्ताची आहेत. त्याला समजावून तो आकडा द्यायला लावा. तरी नाहीच झालं, तर संजय गांधी निराधार योजनेत परित्यक्तेला १५०० रुपये मिळतात. दोन्हीकडून एकदम घेता येत नाहीत, आणि त्या योजनेला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत लागतं, म्हणजे दिवसाला ५७ रुपये. ही अट जुलमी आहे, तरी अर्ज करा. एकट्या आईच्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेतून प्रत्येक मुलामागं महिन्याला २२५० रुपये मिळू शकतात, हे आपल्याकडं फार थोड्या घरांना ठाऊक आहे. तिला तेही सांगा, आणि अर्ज भरून होईपर्यंत उठू नका.

फडातल्या भावांनो, आज फोन चार्ज करून जवळ ठेवा. नऊच्या सुमारास घरून फोन येईल.