गुटगुटीत बाळ आणि पाच रुपयांची पुडी



जयंतीच्या कार्यक्रमात गुटगुटीत बालक स्पर्धा ठेवण्याची पद्धत जुनी आहे. गाल वर आलेल्या पोराला बक्षीस मिळे आणि सारी वस्ती टाळ्या वाजवी. त्यात गैर काही नव्हते. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या उपासमार पाहिली, त्याला अंगावर मांस असलेले मूल म्हणजे नवलच. पण जाड मूल म्हणजे खात्यापित्या घरचे मूल, हा हिशेब आता चुकू लागला आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे बघा. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील जादा वजनाची मुले २०१५-१६ साली १.९ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झाली. त्याच पाहणीत उंची खुरटलेली मुले मात्र ३५ टक्के. म्हणजे भूक गेलेली नाही, तिच्या शेजारीच लठ्ठपणा येऊन बसला. आपल्या देशात आजही जाड मुले पैसेवाल्यांच्या घरी अधिक. पण अमेरिका-इंग्लंडात आज गरिबांचीच मुले जास्त लठ्ठ आहेत. आपला रस्ता तिकडेच चालला आहे.

याचे कारण भावात आहे. आई सकाळी खुरपणीला जाते, बाप हमालीला. पोराच्या हातावर पाच रुपये ठेवले की वस्तीतल्या दुकानात वेफर्सची पुडी मिळते. पाच रुपयांत डाळ मिळत नाही, फळ तर नाहीच. पुडीत तेल, मीठ आणि पीठ. पोट भरल्यासारखे वाटते, अंगाला काही लागत नाही. कोलाच्या पाव लिटर बाटलीत सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर. साखर कारखान्यांच्या आपल्या तालुक्याला साखरेचे कौतुक कोणी सांगावे! यात त्या माउलीचा दोष काढणारे लोक मला पटत नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांत मांस कमी, पण कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच! आईच्या पोटात उपाशी राहिलेले असे मूल पुढे तेल-साखरेवर वाढले, तर त्याला मधुमेहाचा धोका अधिक. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले पोर दिसले, तर ते सुखवस्तू झाले असे समजू नका.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. तो खूप जेवून धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी मात्रा ओळखून जेवण्याची गाथा सांगितली. सुदस्सन नावाच्या तरुणाने ती रोज जेवताना म्हणावी असे ठरले, आणि राजाचे जेवण हळूहळू आटोक्यात आले. पण हा उपदेश भरल्या ताटावरच्या राजाला होता. रिकाम्या ताटाच्या पोराला तो ऐकवू नये. त्याच्या कानाशी सुदस्सन नाही, मोबाईलवरची जाहिरात आहे.

शासनाने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांत वेफर्स, शीतपेये यांना बंदी केली. फाटकाबाहेरची टपरी तशीच राहिली. २०२३ साली शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्याला केळे देण्याचे ठरले. २०२५ च्या जानेवारीत अंड्याचा निधी काढून घेतला आणि लोकसहभागातून द्या म्हणून सांगितले. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. ज्या घरात ते परवडत नाही, त्याच घराकडून लोकसहभाग मागायचा, हा न्याय आपल्याला मान्य नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सभासद पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या. आपल्यापैकी कितीजणी त्या बैठकीला जातात? येत्या बैठकीला चौघी-पाचजणी मिळून जा, अंड्याचा ठराव लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. अर्ज लिहायला कोणी नसेल, तर रविवारी विहारात या, तिथे लिहून देऊ.