अमेरिकेतला वैद्यकीय प्रवेश आणि डॉक्टरांची चिठ्ठी

आपल्याकडे डॉक्टर व्हायचं म्हणजे नीट. ७२० पैकी गुण किती, प्रवर्ग कोणता, कॉलेज कुठलं, विषय संपला. २०२४ मध्ये या परीक्षेचा पेपर फुटला, महागड्या क्लासशिवाय तिथे टिकाव लागत नाही, हे सगळं खरं. तरी एक गोष्ट मान्य करावी लागेल. नीटचा फॉर्म भरताना कुणा डॉक्टरची चिठ्ठी जोडावी लागत नाही. अमेरिकेत बऱ्याचदा लागते, आणि तिथे वाढलेली आपल्या समाजातली मुलं आता नेमकी या टप्प्यावर आली आहेत.

तिथली पद्धत थोडक्यात अशी. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही परीक्षा, मग अर्ज आणि सोबत शिफारसपत्रं. एमडीची बहुतेक कॉलेजं प्राध्यापकांची पत्रं मागतात, डॉक्टरांचं पत्र असेल तर चांगलंच. डीओ म्हणजे ऑस्टिओपॅथिक कॉलेजांत मात्र अनेक ठिकाणी डॉक्टरचं पत्र मागतातच, काही ठिकाणी तर डीओ डॉक्टरचंच. पत्र डॉक्टरकडून परस्पर जातं. ते वाचण्याचा हक्क १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला दिला आहे, पण तो हक्क सोडून दिलेला असेल तरच पत्रावर खरा विश्वास ठेवतात. म्हणजे आपल्याबद्दल काय लिहिलं हे मुलाला कळतच नाही.

पत्र हवं तर आधी डॉक्टरच्या मागे दवाखान्यात उभं राहून काम बघावं लागतं. याला तिथे शॅडोइंग म्हणतात. रुग्णांच्या गोपनीयतेचे नियम कडक असल्याने अनोळखी मुलाला कुणी सहज आत घेत नाही. डॉक्टरांच्या घरातल्या मुलांचं हे काम रात्रीच्या जेवणावर ठरतं. पहिल्या पिढीतल्या मुलाने फोन तरी कुणाला करायचा? आपल्याकडे याला सरळ वशिला म्हणतात. तिथे त्याला नेटवर्किंग हे नाव आहे, एवढाच फरक.

अमेरिकेत भारतीय वंशाचे डॉक्टर भरपूर आहेत, मग अडचण कसली, असं कुणी विचारेल. न्यू जर्सीतल्या एका ताईंनी आम्हाला सांगितलेला अनुभव ऐका. त्यांच्या मुलीने एका मराठी डॉक्टरांना फोन केला. मराठी ऐकून ते खूष झाले, या म्हणाले. मग आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं. नंतर दोनदा फोन केला, तर सध्या जमणार नाही असा निरोप आला. जातीमुळेच झालं असं ताई ठामपणे म्हणत नाहीत. सिद्ध करायला हातात काही नाही, आणि दुखणं नेमकं तेच आहे. सिअॅटल शहराने २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली. कॅलिफोर्नियातलं विधेयक त्याच वर्षी गव्हर्नरांनी सही न करता परत पाठवलं. पण असे कायदे झाले तरी ते नोकरी, घर, शिक्षणसंस्था इथपर्यंत पोचतात. न उचललेल्या फोनला कुठलं कलम लावणार?

त्यात जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची जुनी पद्धत बंद केली. आमच्या मते त्यानंतर ओळखीपाळखीचं वजन वाढणारच. वंश बघायचा नाही, पण कुणाची चिठ्ठी आणली ते बघायचं, ही कसली समान संधी?

शिफारस मुळातच वाईट, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. केळुसकर गुरुजींनी भीमरावांना सयाजीराव महाराजांकडे नेलं ते काही आडनाव बघून नव्हे. चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा रोज वाचत बसलेला त्यांनी स्वतः पाहिला होता. पुढे कोलंबियाच्या प्रा. सेलिग्मन यांनी लंडनला बाबासाहेबांची शिफारस केली, तीही त्यांना शिकवल्यानंतर. दोघांनी आधी काम पाहिलं, मग शब्द टाकला. अमेरिकेतल्या वैद्यकीय कॉलेजांची संघटनासुद्धा पत्र लिहिणाऱ्यांना हेच सांगते, की वकिली करू नका, नेमकं मूल्यमापन करा. त्यामुळे दोन दिवस शॅडोइंग करून मोठ्या नावाच्या डॉक्टरकडून आणलेल्या चार गोड ओळी फारशा कामाच्या नसतात.

त्या ताईंच्या मुलीने पुढे इमर्जन्सी विभागात स्क्राइबचं काम धरलं. डॉक्टर तपासणार, ही नोंदी टाइप करणार. वर्षभर रात्रपाळ्या केल्या. तिला पत्र दिलं ते तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी, ज्यांना तिचं आडनाव धड उच्चारताही येत नाही. मोफत दवाखान्यात किंवा हॉस्पिसमध्ये सेवा करूनही असं पत्र मिळतं. पण रात्रपाळी करायची ताकद आणि वेळ सगळ्यांकडे नसतो, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून आमचं बोलणं मुलांपेक्षा आपल्या डॉक्टरांशी जास्त आहे. अमेरिकेत आता आपलेही डॉक्टर आहेत. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात ते मंचावर असतात, देणगीही देतात. त्यांनी वर्षाला एक मुलगा किंवा मुलगी आपल्या दवाखान्यात उभी करावी. पुढचे अर्ज मे महिन्यात उघडतात आणि चांगलं पत्र लिहायला डॉक्टरने मुलाला काही महिने तरी पाहिलेलं असावं लागतं. तेव्हा कुणाला घेणार ते या हिवाळ्यातच कळवा.